चार जीबीतला मामांचा आवाज

मला कुणाचाही आवाज काढता येतो. बढाई मारत नाही, हा आजारच आहे. समोरचा माणूस दोन मिनिटं बोलला की माझा घसा आपोआप त्याच्यासारखा वाकडा व्हायला लागतो. वणीच्या शाळेत असताना हेडसरांच्या आवाजात माइकवरून सांगितलं होतं, "आज चौथ्या तासानंतर शाळा सुटेल." अर्धी शाळा स्टँडवर पोचल्यावर खरे हेडसर ऑफिसातून बाहेर आले. त्या दिवशी मार खाताना मी ओरडलो तेपण हेडसरांच्याच आवाजात, असं मित्र सांगतात. आता नाशिकच्या अंबडला एका कंपनीत पार्ट तपासायला बसतो. तिथं सुपरवायझरचा आवाज काढतो. काढायच्या आधी मागं वळून बघतो, एवढी अक्कल आलीय.

पण एक आवाज असा काढून बसलोय की तो मला परत घेता येत नाही. माझ्या मामांचा.

मामांचा वणीच्या अलीकडे दीड एकर द्राक्षांचा बाग आहे. मण्यांत साखर भरायला लागली की तालुक्यातली सगळी पाखरं तिथं पाहुणी येतात. बुलबुल, साळुंक्या, पोपट. दोन मणी खाऊन गेली तर कोण बोलतंय, पण ती प्रत्येक घडाला चोच मारून जातात आणि फुटलेला एक मणी शेजारचे दहा सडवतो. मग हाकायला माणूस लागतो. उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंत आणि दुपार कलल्यापासून दिवस बुडेपर्यंत. थाळी नाही, फटाके नाहीत, मामा नुसत्या गळ्यावर हाकायचे.

"हुर्र्र्र! हाऽऽ हाऽऽ! ए निघ! निघतो का येऊ तिकडं? तुझ्या बापाचा बाग हाय का?"

हे पार डांबरी रस्त्यापर्यंत ऐकू यायचं. एसटीतून उतरलो की मला मामा आधी ऐकू यायचे आणि बऱ्याच वेळानं दिसायचे.

दोन वर्षांपूर्वी ऐन माल भरताना त्यांचा घसा बसला. तेव्हा वणीतल्या एका इलेक्ट्रॉनिक्सवाल्यानं त्यांना खोकं बनवून दिलं. फवारणीच्या पंपाची जुनी बॅटरी, तिला जोडलेली सर्किटची एक हिरवी पट्टी, पट्टीला मेमरी कार्डाची खाच आणि वर भोंगा. कार्डात जो आवाज भराल तो भोंगा दिवसभर ओरडणार. मोबाइलवर ओरडायचं, ते कार्डात टाकायचं, कार्ड खाचेत नखानं दाबायचं, टिक. झालं. आमच्याकडं आता बऱ्याच जणांनी असं केलंय. सकाळी आमच्या भागातून गाडी घातली की बागेबागेतून माणसं ओरडताना ऐकू येतात आणि माणूस एक दिसत नाही.

कार्ड भरायचं काम अर्थातच भाच्याकडं आलं. चार जीबीचं कार्ड घेतलं, मामांना बांधावर उभं केलं, मोबाइल समोर धरला. मामांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. टोपी नीट केली. घसा खाकरला आणि ग्रामसभेत उभं राहिल्यासारखे म्हणाले, "हं. तर चला. पाखरांनो, जा आता."

"मामा, शिव्या द्या ना."

"कोणाला?"

"पाखरांना."

"कुठं हायेत पाखरं?" मामांनी आजूबाजूला बघितलं. त्या वेळी खरंच एक पाखरू नव्हतं. "समोर कोणी नसताना उगं शिव्या कशा द्यायच्या रे?"

सहा वेळा केलं. सहाव्यांदा त्यांनी चक्क "धन्यवाद" म्हटलं. शेवटी वैतागून मी पाण्याच्या मोटारीच्या खोलीत गेलो, दार लावलं आणि एका दमात मामा झालो. हुर्र्र, हाऽऽ, बापाचा बाग, सगळं. बाहेर आलो तर मामा दाराशीच उभे.

"मीच आत होतो का रे?" ते म्हणाले. मग इकडंतिकडं बघून हळूच, "तुझ्या मामीला सांगू नको. मी तिला सांगितलंय, माझाच आवाज भरतोय म्हणून."

मी शपथ घेतली. त्यात काय एवढं? मामीला तर जाम कौतुक वाटलं. भोंगा चालू झाला की ती शेजारणीला सांगायची, "आमच्या ह्यांचा आवाज हाय, कार्डात. काय घुमतोय बघ." मामा तेव्हा बागेत वाकून कायतरी शोधायला लागायचे. मीपण पुढं त्यात भर टाकली. कुत्र्याचं भुंकणं टाकलं, आणि आमच्या सुपरवायझरच्या आवाजात "टार्गेट कुठाय?" असं टाकलं. पाखरं सगळ्यात जास्त त्यालाच भ्यायची, असं मामांचं मत होतं.

ह्या वर्षी दिवाळीनंतर मामांना झटका आला. सकाळी तोंड धुवायला उठले आणि ओट्यावरच बसले. उजवा हात, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. नाशिकला हॉस्पिटलात आणलं. मी अंबडहून ड्यूटी सोडून धावलो. तीन आठवड्यांनी पाय थोडा हलायला लागला, तोंड सरळ झालं. मामीला वाटलं, आता बोलतील.

बोलले. एकच शब्द बोलले. "बारा."

का बारा, कोणाला माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादाच शब्द शिल्लक राहतो. बाकीचं त्यांना सगळं कळतं, आत शब्द तयारपण असतो, तोंडात येताना मात्र तोच येतो. चहा घेता का? बारा. दुखतंय का? बारा. मला बघितलं की डोळे भरून यायचे आणि म्हणायचे, "बारा, बारा." पहिल्या दिवशी मला हसायला आलं, हे मी लपवत नाही. बाहेर जिन्यात जाऊन हसलो, आणि मग तिथंच बसून राहिलो.

हॉस्पिटलात बोलणं शिकवणाऱ्या मॅडम होत्या. त्यांनी मामीला समजावलं. रोज थोडा थोडा सराव घ्या. अंक म्हणा, देवाचं म्हणा, ओळखीचं सगळं. पहिले काही महिने महत्त्वाचे असतात, मग अवघड होत जातं. आणि निघता निघता त्यांनी ते विचारलं.

"त्यांचा जुना आवाज कुठं रेकॉर्ड केलेला आहे का? स्वतःचं बोलणं ऐकलं तर कधी कधी मदत होते."

मी मनातल्या मनात शोधायला लागलो. मामांचा मोबाइल बटणांचा. मामीचा स्मार्टफोन गेल्याच वर्षीचा, त्यात नातवंडांचे फोटो. थोरल्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ आहे, पण त्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाणी टाकलीत. मामा हसतात, ओठ हलतात, ऐकू येते सनई.

मामीला शोधावं लागलंच नाही. "हाय ना मॅडम!" तिचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा उजळला. "कार्डात हाय. रोज बागेत लावतो आम्ही."

मी मामांकडं बघितलं. मामांनी माझ्याकडं बघितलं. दोघांनी एकदमच खिडकीकडं बघितलं.

सांगायला पाहिजे होतं. तिथंच, मॅडमसमोर. पण मामीचा तो चेहरा आणि माझ्या डोक्यात एकच: ही बाई तीन आठवडे बाकड्यावर झोपलीय.

मग मी पळवाटा काढल्या. मामीचा फोन आला, घरी लावायला छोटा स्पीकर आण, कार्डवाला. मी म्हटलं, कार्ड आता खराब झालं असेल. ती म्हणाली, "चांगलं चालू हाय, सकाळीच ऐकलं." मी म्हटलं, त्यात शिव्या आहेत, मामांना त्रास होईल. ती म्हणाली, "त्यांच्याच शिव्या हायेत ना? त्यांना कसला तरास?" शेवटी एका शनिवारी, आमच्या कंपनीला शनिवारची सुट्टी असते, मी स्पीकर घेतला आणि गाडी काढली.

मामा ओट्यावर खाटेवर होते. माल भरायला लागला होता, म्हणून बागेतला भोंगा चालूच होता. ते मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं. माणूस खाटेवर पडलाय, त्याला पाणी मागता येत नाही आणि समोरच्या बागेतून त्याचाच आवाज ठणठणीत ओरडतोय, निघतो का येऊ तिकडं. आणि तो आवाज माझा.

मामीनं स्पीकर खाटेवर ठेवला. मी कार्डाची कॉपी करून आणली होती, ती खाचेत दाबली. हुर्र्र्र! मामांनी दचकून माझ्याकडं बघितलं आणि हसायला लागले. हसणं त्यांचं शाबूत होतं. पोट हलवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्या हसण्याचा अर्थ जगात फक्त मला कळत होता.

मामी रडायला लागली. "बघ! ओळखला का नाय? स्वतःचा आवाज ओळखला!"

तेव्हापासून रोजचा सराव सुरू झाला. मी दर शनिवारी जाऊन बघायचो. मामी स्पीकर लावायची, एक ओळ झाली की बंद करायची आणि म्हणायची, "हं, म्हणा." मामा तोंड उघडायचे, मानेच्या शिरा ताणायच्या, घाम यायचा. "बा... बारा."

"बारा नाय हो. निघ. नि... घ."

"बारा."

"अहो, तुमचंच तर हाय. स्वतःचं बोललेलं परत बोलता येईना होय?"

मामा मान खाली घालायचे. मी तिथं नखं खात बसलेला. जो आवाज त्यांनी कधी काढलाच नाही तो त्यांना परत काढायला लावत होतो आम्ही. एक एक दिवस चालला होता. मॅडमनी सांगितलेले महिने असे माझ्या नकलेवर चालले होते. त्यांना स्वतःचा खरा आवाज ऐकून काय फायदा झाला असता, मला नाही माहीत. कदाचित काहीच नाही. पण माझ्या आवाजानं होत नाहीये, एवढं दिसत होतं.

एकदा मामी गोठ्यात गेलेली बघून मी खाटेजवळ सरकलो.

"मामा, सांगून टाकू का तिला?"

"बारा."

"म्हणजे हो?"

"बारा."

"नको?"

"बारा!" आता जरा रागानं. डावा हात हवेत हलवला. तो हो म्हणून हलवला की नको म्हणून, देवाला ठाऊक. मी म्हटलं, "हो असेल तर डोळे मिटा." त्यांनी डोळे मिटले आणि उघडलेच नाहीत. दोन मिनिटांनी घोरायला लागले. आता ह्याला काय समजायचं?

मी मॅडमना फोन करून खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, रेकॉर्डिंगवर फार जोर देऊ नका, अंक घ्या, गाणी घ्या, आणि घरच्यांना सांगा खरं काय ते. घरच्यांना सांगा म्हणे! मी मामीला अर्धंच सांगितलं, की मॅडम अंक घ्या म्हणाल्या. मामी अंकपण घ्यायला लागली. पण स्पीकर सोडला नाही.

आणि मग तिनं मला ते मागितलं. मी निघत होतो, गाडीला किक मारणार, तर ती मागून आली. पदर बोटाला गुंडाळत, इकडचं तिकडचं बोलत.

"त्या कार्डात सगळं पाखरांचंच हाय," ती म्हणाली. "तुझ्या मोबाइलात दुसरं काय असंल ना? तू सारखा रेकॉर्डिंग करायचा. मला हाक मारलेलं, असं कुठं?"

"बघतो," मी म्हटलं.

"सरावासाठी नाय. असंच."

अंबडपर्यंत मी गाडी कशी चालवली, मला आठवत नाही. माझ्याकडं असं काही नव्हतं. पण मी ते दहा मिनिटांत करू शकत होतो, आणि तोच घोळ होता. दुसऱ्या कोणी 'नाही सापडलं' म्हणून हात वर केले असते. माझ्या घशात मामा बसलेले होते.

पुढच्या शनिवारी सकाळी खोलीत पंखा बंद केला, खिडकी लावली आणि केलं. मामा मामीला नावानं हाक मारत नाहीत, थोरल्या मुलीचं नाव घेऊन मारतात, आमच्याकडं त्या वयाची माणसं तशीच मारतात. तशी मारली. "ऐकलं का? जरा पाणी आण गं." जरा दमलेला, जरा लाडातला आवाज. ऐकून माझ्याच अंगावर काटा आला. एवढा चांगला मामा मी आधी कधीच काढला नव्हता. कार्डात टाकला, दुपारी वणीच्या रस्त्याला लागलो.

मामी भाकरी करत होती. हात न धुताच आली. मामांना उशी लावून बसवलेलं होतं. मी कार्ड दाबलं.

थोरल्या मुलीचं नाव. ऐकलं का. जरा पाणी आण गं.

मामीच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही. मग तिनं परत लावायला सांगितलं. परत ऐकलं. पिठाचे हात मांडीवर तसेच.

"हे तू हाय," ती म्हणाली.

"मी? नाही गं, जुनं सापडलं, मागच्या—"

"चार माणसांत ते पोरीच्या नावानं हाक मारायचे. तू तेच ऐकलंय. इथं घरात कोणी नसताना हा असा लाडाचा आवाज असला की पोरीचं नाव नव्हते घेत. वेगळी हाक होती."

मी माझ्या बथ्थड डोक्यानं विचारलं, "कशी?"

"तुला कशाला सांगू?"

"मामी, सांग तर खरं. मी अगदी तशीच करून—"

"तू करशील रे," ती म्हणाली. "म्हणूनच नाय सांगायची."

बागेतला भोंगा ओरडत होता. तिनं तिकडं बघितलं, मग माझ्याकडं. बराच वेळ.

"तेपण?"

मी मान हलवली.

ती मामांकडं वळली. मामा भिंतीकडं बघायला लागले. "दोन वर्षं? दोन वर्षं मी गावभर सांगत फिरले, आमच्या ह्यांचा आवाज म्हणून?"

"बारा," मामा बारीक आवाजात म्हणाले.

"बारा नाय, दोन! तेवढं तरी खरं बोला!"

आणि मला हसू फुटलं. मामा हसले. मामीपण हसली, हसता हसता पदर तोंडाला लावला आणि मग ते हसणं राहिलं नाही. भोंग्यात कुत्रं भुंकून झालं, सुपरवायझरनं टार्गेट विचारलं.

"मग ह्यांचा आवाज कुठंच नाय," ती म्हणाली.

ती हे मला म्हणाली नाही, मामांनापण नाही. मी आठवायचा प्रयत्न केला. बांधावर सहा वेळा केलेलं ते रेकॉर्डिंग. हं, तर चला, धन्यवाद. ते मी त्याच दिवशी काढून टाकलं होतं. मोबाइलमध्ये जागा नव्हती. हे मी तिला सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही.

मी म्हटलं, "मामी, मी..." कोणाच्या आवाजात माफी मागतात? माझ्या स्वतःच्या आवाजाची मला सवयच नाही.

"बस्स कर आता," ती उठली. तव्यावरची भाकरी जळल्याचा वास येत होता. "ह्यांचा हात धर. दुपारची बोटं उघडायची राहिलीत."

हॉस्पिटलात शिकवलेला तो व्यायाम. मिटलेली मूठ, एकेक बोट सरळ करायचं. मी मामांचा उजवा हात मांडीवर घेतला. अंगठा उघडला, मग पहिलं बोट, मग दुसरं. तिसऱ्यापाशी पोचलो की अंगठा परत मिटायचा. मामा माझ्याकडं बघत होते. मी परत अंगठ्यापासून सुरुवात केली.